करंगळीचं शेवटचं पेर

रविवार, १२ ऑक्टोबर. दादा, आज तुझं उत्तरकार्य झालं.

हजर: वहिनी. पुण्याहून तुझा सचिन आणि त्याची बायको. आमचे हे. मी. एकवीस वर्षं तुझ्या एसटीत घंटी मारणारा कंडक्टर बाबूराव. तो सकाळी आठला आला आणि पंगत उठेपर्यंत थांबला. डेपोतले आणखी सातजण. गल्लीतले मोजले नाहीत.

माझ्या ऋतुजाला कुठं लिहावं ते कळेना. तुझी लाडकी भाची घरातच होती, पण तुझ्या माडीवर, दार ओढून. जेवायला आली नाही. तिचं नाव मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

यादी केली म्हणून हसू नकोस. "माणूस गेलं तरी हजेरी घेतीस व्हय गं, नंदे?" असं तू म्हणाला असतास, हे मला माहीत आहे. कॉलेजच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं काढल्यावर माझा हात आपोआप कागदाकडं जातो. गेले बारा दिवस मी रडले त्यापेक्षा जास्त लिहिलं. कोणाला फोन झाले, कोणाला राहिले, भटजी, मांडव, पाण्याचे जार. सगळ्यांसमोर खुणा झाल्या. आज दुपारी वाटलं, झालं सगळं. तेवढ्यात वहिनींनी तुझी खाकी कापडी पिशवी माझ्यापुढं ठेवली.

"वन्सं, कागदाचं तुम्हालाच कळतंय. पेन्शनीला काय काय लागतंय तेवढं बाजूला काढा."

मी तीन गठ्ठे केले. लागणारे, न लागणारे, विचारायचे. दुसऱ्या गठ्ठ्यात टाकता टाकता एक कागद हातात राहिला. डोळ्यांच्या दवाखान्याचा, चार मार्चचा. ती तारीख मी विसरणं शक्य नव्हतं, कारण नंबर मीच लावला होता आणि तुला रिक्षात मीच बसवलं होतं. कागदावर लिहिलं होतं: दोन्ही डोळ्यांची लांबची नजर उत्तम, चष्म्याचा नंबर तोच, वाहन चालवण्यास हरकत नाही.

आणि त्या संध्याकाळी तू आमच्या पायरीवर बसून, सदऱ्याच्या टोकाला चष्मा पुसत मला काय सांगितलं होतंस? "जरा कमीच आलंय म्हणं. वय झालं की आता."

मी कागद घडी घालून कमरेला खोचला. मग मागच्या दारानं बाहेर पडले आणि तुमच्या गेटपाशी गेले. डावीकडचा खांब बघितला. वरपासून खालपर्यंत हात फिरवला. चुना जुना होता, पण अखंड होता. कुठं टवका नाही, ओरखडा नाही, काळी रेघ नाही. आठ महिन्यांत मी त्या खांबाजवळून किती वेळा गेले असेन दादा! किराण्याची चिठ्ठीसुद्धा दोनदा पडताळणारी मी, तो खांब एकदाही बघितला नाही.

का बघितला नाही, ते आता लिहिते. मला तुझी चूक हवी होती.

आपला वाद जानेवारीत सुरू झाला. ऋतूला लायसन्स मिळून चार महिने झाले होते, आणि शिरोलीच्या बाजूला मोठ्या मैदानावर तरुण मुलांसाठी दोन दिवसांचा सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स होता. पहिला दिवस वर्गात, दुसरा मैदानावर. ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक कसा मारायचा, गाडी घसरली तर स्टिअरिंग कसं धरायचं. मी माहितीपत्रक आणलं, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या आणि तुला दाखवलं. तू ते उलटं धरून वारा घेतलास.

"घसरलेली गाडी सावरायला शिकवत्यात व्हय? मग घसरू द्यायची न्हाई, ते कोण शिकवणार?"

"दादा, तुझ्यासारखं एकतीस वर्षं थांबायला वेळ नाही तिच्याकडं."

"वेळ न्हाई म्हणणाऱ्यांनाच म्या रस्त्याकडंला चादरीखाली बघितलंय. नंदे, ऐक माझं. पोरगं कच्चं असतं तंवर भितंय, आणि भितंय तंवर जगतंय. तुझ्या कोर्सनं त्याची भीतीच काढून घेतली, तर त्याच्याजवळ राह्यलं काय? कागद."

मी म्हणाले, भीती हा काही अभ्यासक्रम होऊ शकत नाही. भ्यालेली मुलं चुकीच्या वेळी चुकीचा पाय दाबतात. तू म्हणालास, "तू कधी गियर तरी टाकलाईस व्हय?" स्कूटीवाली म्हणून तू मला आयुष्यभर चिडवलंस, पण त्या दिवशी ते लागलं. ऋतू दोन दिवस जाऊन आली. प्रमाणपत्र घेऊन आली, गाल लाल, आवाज मोठा. "आई, साठच्या स्पीडला ब्रेक मारला, गाडी सरळ रेषेत थांबली!" मी ते प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं. तुला पाणी देताना फ्रिजचं दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं.

आणि मग फेब्रुवारीत, एका संध्याकाळी, तू आमची गाडी आणून दारात लावलीस. ती गाडी घेतल्यापासून तूच चालवत होतास. डावीकडचा पुढचा कोपरा आत गेलेला, दिव्याची काच गेलेली. ऋतू मागून तुझ्या स्कूटरवर आली आणि थेट आत गेली.

"नंदे, आमच्या गेटच्या खांबाला घासली. माझ्याच हातनं."

तुझ्याकडं बिनअपघाताचा बिल्ला होता. एकतीस वर्षांत तू एसटीला ओरखडा येऊ दिला नव्हतास. आणि मी काय केलं? पुढच्या रविवारी जयसिंगपूरला बारसं होतं. पाळण्याभोवती चाळीस माणसं होती. मी सगळ्यांत म्हणाले, "आमच्या दादाला समोरून येणारा ट्रक दिसतो, पण स्वतःच्या घराचा खांब दिसत नाही." सगळे हसले. वहिनींनी मान खाली घातली. तू ताटलीतल्या घुगऱ्या खात म्हणालास, "व्हय की, खांबानं हॉर्नच दिला न्हाई," आणि सगळे आणखी हसले.

घरी येऊन मी तुझ्या हातातली किल्ली मागून घेतली. तुला डोळे तपासायला पाठवलं. किल्ली ऋतूला दिली आणि तुला म्हणाले, "आता ती तुला कुठं हवं तिथं सोडेल. शेजारी बस आणि तिच्याकडनं शीक जरा."

तू म्हणालास, "शिकतो की."

दादा, हे वाक्य आज तुझ्या गेटपाशी उभी असताना मला आठवलं. मी तशीच माडीवर गेले.

दार ढकललं. ऋतू खिडकीशी बसली होती, तुझ्या खाटेवर न बसता, जमिनीवर. मी कमरेचा कागद काढून तिच्यापुढं धरला. तिनं तो वाचला, आणि तिचा चेहरा बघूनच मला अर्धं कळलं.

"मामांनी शपथ घातली होती," ती म्हणाली. "पण ती त्यांची होती. आता कुणाची पाळू?"

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी ती मैत्रिणीकडं एसटीनं गेलीय असं मी धरून होते, पण तुझ्याकडून किल्ली मागून घेऊन ती जयसिंगपूरहून गाडीनं एकटीच येत होती. साखर कारखान्यांचा हंगाम भरात होता. हातकणंगल्याच्या अलीकडं दिवस मावळताना तिच्यापुढं उसाची ट्रॉली आली. मागं दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही, नुसता पाचटाचा डोंगरासारखा काळा ढिगारा. तिला वाटलं, एक ट्रॉली, हां हां म्हणता जाऊ. उजवीकडं काढली. निम्म्यात गेल्यावर दिसलं, या ट्रॉलीच्या पुढं दुसरी ट्रॉली आहे, आणि ट्रॅक्टर त्याच्याही पुढं. समोरून ट्रकचे दिवे.

"मी ब्रेक मारला, आई. शिकवला होता तसाच. गाडी डगमगली नाही. सरळ थांबत गेली आणि मी परत डावीकडं मागं घुसले. तेवढा कोपरा ट्रॉलीला लागला. ट्रक शेजारून गेला तेव्हा सगळी गाडी हलली." मग म्हणाली, "कोर्स नसता केला, तर मी ओव्हरटेक करायला गेलेच नसते. आणि कोर्स नसता केला, तर मी थांबले नसते. दोन्ही खरं आहे. मी आठ महिने यातलं एक खोडायला बघतेय."

मी भिंतीला टेकून खाली बसले. विचारलं, "घाई कसली होती तुला?"

ती खाली बघून म्हणाली, "तुझा फोन वाजत होता."

दादा, तुला माझी सवय माहीत आहे. घरातलं माणूस बाहेर पडलं की मी ठरावीक वेळानं फोन करते. "कुठंवर आलीस?" कोणी उचलला नाही तर परत करते. आणि वहीत लिहिते. याची तू नक्कल करायचास, कानाला चप्पल लावून. आज तिचं सगळं ऐकून झाल्यावर मी तुझ्या घरून उठून आमच्या घरी आले, चप्पल न घालता, आणि फेब्रुवारीची वही काढली. माझ्याच अक्षरात होतं. "ऋतू. सहा चाळीस, उचलला नाही. सहा शेहेचाळीस, उचलला नाही. सहा एक्कावन्न, उचलला नाही. बेफिकीर झालीय. बोलायचं आहे." शेवटच्या शब्दांसमोर बरोबरची खूण होती. म्हणजे मी बोललेही होते.

ती तिन्ही वेळा त्या ट्रॉलीच्या मागं होती. किंवा शेजारी.

ती आधी आमच्याकडं आली नाही, तुझ्याकडं आली. तू गाडीभोवती एक फेरी मारलीस, दिव्याच्या काचेचे तुकडे वेचून खिशात घातलेस आणि तिला म्हणालास, "तुला लागलंय का? न्हाई न्हवं? मग गप. तुझ्या आईला म्या सांगतो." तिला वाटलं, तू खरं सांगशील. आमच्या दारात तू खांबाचं सांगितलंस तेव्हा ती आतल्या खोलीत तोंडावर उशी दाबून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती तुझ्या पाया पडायला आली तेव्हा तू काय म्हणालास, तेही तिनं सांगितलं. हे ऐकून मला राग आला, दादा. अजून आहे. तू म्हणालास, "ब्रेक झ्याक मारलास. तेवढं तुझ्या आईचं खरं निघालं. कोर्सनं तुझा पाय शिकला, आता डोस्कं राह्यलंय. ते म्या बघतो."

म्हणजे अर्धा वाद मी जिंकले होते, आणि तू ते तिला सांगितलंस, मला नाही. मला सांगितलं असतंस तर मी तुला चहा तरी केला असता. तेवढ्यासाठी मी पुन्हा एकदा तुझी टिंगलही ऐकून घेतली असती. का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर ट्रॉली निघाली असती, ट्रॉली निघाली असती तर फोन निघाला असता. ते तुला नको होतं. पाळण्यापुढं चाळीस माणसांत तू खांबाची टिंगल ऐकून घेतलीस, ती भाचीसाठी, असं ऋतूला वाटतं. मला आता वाटतं, निम्मी माझ्यासाठी होती.

त्यानंतरचे सात महिने मी ज्याला भाचीनं मामाला फिरवणं म्हणत होते, ती शाळा होती. फक्त विद्यार्थी कोण, ते मी उलटं धरलं होतं.

तू कागदावर काही लिहून दिलं नाहीस. उजव्या हाताची चार बोटं, प्रत्येक बोटाची तीन पेरं, बाराच गोष्टी. "तेराव्वी लागंल तवा दुसरा हात हाय," म्हणालास. ऋतूनं माडीवर बसून मला हात पुढं करून एकेक पेर दाखवलं. तर्जनीचं पहिलं: बसायच्या आधी गाडीभोवती एक फेरी, चारी टायरांना हात. दुसरं: थांबलेल्या एसटीपुढून माणूस येतंच, दिसो न दिसो. चेंडू आला की मागं पोर आहे, म्हैस आली की मागं रेडकू. पुलाजवळ पुराचं पाणी रस्त्यावर दिसलं की मोजायला जायचं नाही, गाडी मागं फिरवायची. कुणी शिवी दिली तर काच वर. मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरासाठी तू तिला कोल्हापूर ते जयसिंगपूर एकही ओव्हरटेक न करता न्यायला लावलंस. एक बैलगाडी, दोन ट्रॅक्टर आणि एक म्हातारा सायकलवाला, त्या सगळ्यांच्या मागं. ती अतिग्र्यापर्यंत चिडली, हातकणंगल्याला रडली आणि जयसिंगपुरात शिरताना शीळ घालत होती. मला तेव्हा तिनं सांगितलं होतं, मामांना सावकाश आवडतं म्हणून उशीर झाला. आणि मी तुला फोन करून बोलले होते.

करंगळीच्या मधल्या पेरावर येताना ती अडखळली. मी म्हणाले, सांग.

"अकरावं: आईचा फोन आला तर उचलायचा नाही, आणि उचलला नाही म्हणून पायही दाबायचा नाही. मामा म्हणाले, 'तुझ्या आईचा जीव फोनात असतोय. तो तिथंच राहू दे. घरला आल्यावर शिव्या खा, पर घरला ये.'"

खाली पंगतीची पातेली घासली जात होती.

"आणि बारावं?"

ती म्हणाली, ते राहिलं. करंगळीचं शेवटचं पेर म्हणजे उसाच्या ट्रॉलीमागं, अंधार पडताना. ते हंगामाशिवाय होत नाही. मार्चात कारखाने थांबले आणि तू म्हणालास, पुढच्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यात. तीस सप्टेंबरला सकाळी तू दूध आणायला गेलास, डेअरीच्या पायरीवर टेकलास आणि उठलाच नाहीस. दोन दिवसांवर दसरा होता. यंदा खंडेनवमीला गाडीची पूजा झाली नाही. ती आमच्या दारात धूळ खात उभी आहे, गेल्या वर्षीच्या वाळक्या लिंबासकट.

दादा, मी तुला आता खरा पेच सांगते. तीन नोव्हेंबरपासून ऋतूला इचलकरंजीत कापडाच्या ऑफिसात नोकरी आहे. सुटायची वेळ सहा. म्हणजे रोज, नेमकं तेच: दिवस मावळताना, हंगामात, तोच उसाचा रस्ता. हे ठरलं तेव्हा तू होतास, म्हणून मला काळजी नव्हती. आज सगळं सांगून झाल्यावर ती उठली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मी एसटीनं जाईन." मी हो म्हणू शकले असते. हो म्हणणं सोपं होतं. पण एसटीनं ती जाईल ते एसटी बरी म्हणून नव्हे. त्या ट्रॉलीला भिऊन. आणि तू शेवटपर्यंत भीतीच्याच बाजूनं बोलत होतास, पण सात महिने तू तिला जे शिकवलंस ते भिण्याच्या पुढचं होतं. हे मी वादात म्हणत होते तेही नाही आणि तू म्हणत होतास तेही नाही.

कॉलेजात पालक मला अजून विचारतात, मॅडम, तुमच्या मुलीनं केला तो कोर्स चांगला का? मी आजवर अकराजणांना हो म्हणून पाठवलंय. त्यांची नावं आहेत माझ्याकडं. उद्यापासून एकेकाला सांगणार आहे: कोर्स वाया जात नाही, पण तो दोन दिवसांत संपत नाही. त्यानंतर एक हंगामभर शेजारी कुणीतरी बसायला हवं. आणि घरी बसलेल्यांनी फोन करायचा नाही. त्यांना सांगणं सोपं आहे.

मी ऋतूला विचारलं, "बाराव्या पेराला मामा काय शिकवणार होते?"

"काहीच नाही. म्हणाले, 'म्या शेजारी नुसता बसणार. एक शबूद बोलणार न्हाई. ट्रॉलीमागं तू काय करतीस, ते मला बगायचं न्हाई. तुझं तुला बगायचंय.'"

किल्ली अजून माझ्या हातात आहे. घरातल्या किल्ल्यांच्या बोर्डावर तिच्या नावाच्या खिळ्याला मी ती लावलेली नाही, तिला परतही दिलेली नाही. हे म्हणाले, शेजारी मी बसतो, मी शांत असतो. खरं आहे, ते बसले तर काहीच अवघड नाही. पण ते शेजारी बसले, तर घरी फोनापाशी मी असेन.

कारखान्यांची धुराडी पेटायला अजून तीन-चार आठवडे आहेत. वहीत आजच्या तारखेखाली सगळ्यांत वर ऋतूचं नाव हजर म्हणून लिहिलं. बाकी सगळ्या ओळींसमोर खुणा झाल्या. शेवटची ओळ तेवढी मोकळी आहे:

हातकणंगले ते घर. उसाच्या ट्रॉलीमागं, दिवस मावळताना. गाडी ऋतू चालवेल. शेजारी मी. फोन घरी ठेवून, न बोलता.